मुलांच्या अवधानाची संगणकीय चाचणी : दोन केंद्रांचा अनुभव

आमच्या मुलीच्या अवधानाची संगणकीय चाचणी वर्षभरात दोनदा झाली, चार महिन्यांच्या अंतराने आणि दोन वेगवेगळ्या केंद्रांत. मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन्ही ठिकाणी तिने साधारण तेच काम केले : पडद्यावर क्षणभर चमकून जाणारे चिन्ह पाहायचे आणि ते ठरवून दिलेले चिन्ह असेल तरच बटण दाबायचे. पहिल्या ठिकाणाहून आम्ही एका ओळीचा निष्कर्ष आणि जिवाला घोर घेऊन घरी आलो. दुसऱ्या ठिकाणी मात्र आमच्या मुलीचे लक्ष कधी, किती वेळाने आणि कसे निसटते हे आम्हाला प्रथमच डोळ्यांनी पाहायला मिळाले. काम जवळजवळ सारखेच असताना एवढा फरक कशाने पडला, हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण ही चाचणी करून घ्या असा सल्ला मिळालेल्या पालकांना बहुतेक वेळा चाचणीचे नाव आणि येण्याची वेळ यांपलीकडे काहीही सांगितले जात नाही.

ही चाचणी एडीएचडीचा, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांच्या विकाराचा, संशय आला की सुचवली जाते. आमच्या मनात एडीएचडी म्हणजे एका जागी न बसणारे, सतत धावणारे, मध्येच बोलणारे मूल असे चित्र होते, आणि आमची मुलगी तर शांत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण वर्गात बसूनही ती वर्गात नसते." तेव्हा सुरुवातीला आम्ही ते स्वभावावर ढकलले. प्रत्यक्षात या विकाराची तीन रूपे मानली जातात : अवधान कमी पडणे हे मुख्य लक्षण असलेले, अतिचंचलता व उतावीळपणा मुख्य असलेले आणि दोन्ही एकत्र असलेले. पहिल्या रूपातली मुले, विशेषतः मुली, कोणालाच त्रास देत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे नजरेतून सुटतात. आमच्या बाबतीत नेमके तेच चालले होते, हे मला आता मान्य करायला हवे.

ही चाचणी नवीन नाही. तिचा मूळ नमुना, कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट किंवा सीपीटी, रॉसवोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडला, आणि तोही मुलांच्या चंचलतेसाठी नसून मेंदूला इजा झालेल्या व्यक्ती ओळखता याव्यात म्हणून. एकामागून एक अक्षरे दाखवायची आणि 'एक्स' आले की कळ दाबायला सांगायची. थोड्या अवघड प्रकारात 'ए'नंतर 'एक्स' आले तरच दाबायची. काम इतके सोपे की ते न समजण्याचा प्रश्नच येत नाही, आणि इतके कंटाळवाणे की लक्ष टिकवून ठेवणे हीच खरी परीक्षा ठरते. आजच्या बहुतेक सर्व चाचण्या याच बीजातून निघालेल्या आहेत. टोव्हा या चाचणीत अक्षरांऐवजी चौकोन असतो आणि त्याच्या आतला लहान चौकोन वरच्या बाजूला असला तर बटण दाबायचे, खालच्या बाजूला असला तर थांबायचे. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते जमावे आणि भाषेचा अडसर येऊ नये, हा त्यामागचा विचार. सहा वर्षांवरील मुलांसाठी ती २१.६ मिनिटे चालते आणि तेवढ्या वेळात दर दोन सेकंदांना एक या हिशेबाने ६४८ चौकोन येऊन जातात. कॉनर्स यांच्या चाचणीच्या तिसऱ्या आवृत्तीत उलट रीत आहे : १४ मिनिटांत ३६० अक्षरे येतात आणि 'एक्स' सोडून प्रत्येक अक्षराला बटण दाबायचे असते, म्हणजे हात चालू ठेवायचा आणि योग्य क्षणी आवरायचा.

टोव्हाची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटली. पहिल्या निम्म्या भागात दाबण्याजोगा चौकोन क्वचित येतो, ३२४ पैकी केवळ ७२ वेळा, त्यामुळे मूल वाट पाहून कंटाळते आणि लक्ष भरकटत असेल तर ते याच भागात उघडे पडते. दुसऱ्या निम्म्या भागात प्रमाण नेमके उलटते, ३२४ पैकी २५२ वेळा दाबायचे असते, आणि मग दाबण्याची लय लागलेला हात न दाबण्याच्या क्षणी थांबतो का, हे कळते. सुटलेले प्रतिसाद लक्षाविषयी सांगतात, अनाठायी दाबलेली बटणे उतावीळपणाविषयी. या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आकडा तिसराच असतो, तो म्हणजे प्रतिसादवेळेतला चढउतार. सरासरीने हळू असणे हा दोष नव्हे. काही मुले सावकाश पण एकसारखी चालतात. एकदा चारशे मिलिसेकंदांत, मग सातशे, मग पुन्हा साडेतीनशे, असे हेलकावे खाणारे मूल मात्र प्रत्येक वेळी कुठून तरी परत येऊन बटण दाबत असते.

आता पहिल्या केंद्राविषयी. आम्हाला संध्याकाळी पाचची वेळ मिळाली, म्हणजे शाळेचा पूर्ण दिवस अंगावर घेऊन मुलगी तिथे पोहोचली. आदल्या रात्री तिने सर्दीचे औषध घेतले होते, ज्याने झोप येते. त्याबद्दल कोणी विचारले नाही आणि सांगायला हवे हे आम्हाला सुचले नाही. चाचणी चौकोनांचीच, पण एका लॅपटॉपवर होती आणि बटण म्हणून त्याचीच स्पेसबार वापरायची होती. समजावून सांगताना सरावाची फेरी झाली नाही. मला त्याच खोलीत, तिच्या नजरेच्या टप्प्यात बसवले होते, आणि प्रत्येक चुकीनंतर ती माझ्याकडे पाहत होती. चाचणी चालू असताना चाचणी घेणाऱ्या व्यक्तीला दोनदा फोन आला, दुसऱ्या वेळी ती व्यक्ती बोलत बोलत खोलीबाहेर गेली, आणि मुलीने मान वळवून दाराकडे पाहिले तेव्हा पडद्यावर किती चौकोन येऊन गेले ते मी मोजू शकले नाही. वीस मिनिटांनी प्रिंटरमधून दोन पाने आली, आणि पहिल्याच ओळीत 'मध्यम ते तीव्र एडीएचडी' असे छापलेले होते.

स्पेसबारचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये जवळपास १७ मिलिसेकंदांचे अंतर असते. कळफलकाची स्वतःची ढिलाई त्यात मिसळते, आणि बिनतारी कळफलक असेल किंवा मागे दुसरे काही प्रोग्राम चालू असतील तर ती आणखी वाढते, शिवाय दर वेळी सारखी राहत नाही. जिथे मुलाच्या प्रतिसादातले मिलिसेकंदांचे हेलकावेच मोजायचे आहेत तिथे यंत्राचे हेलकावे मुलाच्या नावावर चढणे हा गंभीर दोष आहे. म्हणूनच टोव्हासारख्या काही चाचण्यांना स्वतःचे वेगळे, अचूक बटण असते, जे मूल हातात धरते. लॅपटॉपवर स्पेसबार दाबून घेतलेल्या चाचणीचे गुण, वेगळ्या बटणावर घेतलेल्या हजारो मुलांच्या सरासरीशी ताडून पाहिले जात असतील, तर ती तुलनाच लंगडी आहे.

अहवालातल्या आकड्यांनी आम्हाला जास्त घाबरवले, आणि ते कसे वाचायचे हे मला नंतर शिकावे लागले. अशा चाचण्यांचे गुण त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांच्या सरासरीवर बसवलेले असतात. टोव्हासारख्या चाचणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप, १५ धरतात, कॉनर्सच्या चाचणीत सरासरी ५० आणि विचलन १०. आता ८५ पेक्षा कमी गुण म्हणजे काय? गुणांचे वितरण घंटेच्या आकाराचे आहे असे धरले तर पूर्णपणे निरोगी अशा १०० मुलांपैकी सुमारे १६ मुले कोणत्याही एका मापावर त्या रेषेखाली येणारच. अहवालात माप एकच नसते. सुटलेले प्रतिसाद, अनाठायी प्रतिसाद, वेळ, चढउतार, आणि त्यातही चाचणीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे वेगळे आकडे असतात. इतक्या चौकटींपैकी एखादी तांबडी होणे ही गोष्ट किती सहज घडू शकते, हे पालकांना कोणी तरी समजावून सांगायला हवे. आमच्या अहवालात चढउतारांचा गुण ७८ होता आणि तो निश्चितच लक्ष देण्याजोगा होता, पण त्यावरून थेट विकाराचे नाव आणि त्याची तीव्रता छापणे हे कोणत्याही चाचणीच्या आवाक्यातले काम नाही.

कारण निदानाची रीत वेगळी ठरलेली आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निकषसंग्रहात अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये त्यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणे किमान सहा महिने दिसायला हवीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत, आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावीत. या यादीत संगणकाच्या चाचणीचा उल्लेख कुठेही नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनाही पालक आणि शिक्षक यांच्याकडून माहिती मिळवण्यावर भर देतात. पहिल्या केंद्राने शिक्षिकांना एक शब्द विचारला नव्हता. घरी काय होते हे विचारायला त्यांनी मला पाच मिनिटे दिली, तीही चाचणीनंतर.

त्याच भेटीत आम्हाला मेंदूलहरींची तपासणी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केला जाणारा ईईजी, करून घेण्याचा आग्रह झाला. थीटा आणि बीटा या लहरींचे गुणोत्तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये वाढलेले असते, या कल्पनेवर ती तपासणी आधारलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली अशा एका उपकरणाला, डॉक्टरांच्या पूर्ण तपासणीला जोड म्हणून, परवानगी दिली होती हे खरे. पण अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०१६ साली स्पष्ट सांगितले की संशोधनाबाहेर, निदानासाठी या गुणोत्तराचा वापर करू नये. आम्ही नकार दिला आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते.

दुसऱ्या केंद्राशी पहिला संपर्क झाला तेव्हाच फरक जाणवला. चाचणीची वेळ देण्याआधी त्यांनी दोन प्रश्नावल्या पाठवल्या, एक आमच्यासाठी आणि एक शिक्षकांसाठी, आणि शिक्षकांची प्रश्नावली शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांकडून भरून आणा असे सांगितले. डोळे आणि कान तपासून घ्या, एक आठवडा झोपेच्या वेळा लिहून ठेवा, आणि चालू असलेली औषधे आम्हाला कळवा पण स्वतःहून बंद करू नका, अशा सूचना होत्या. चाचणी सकाळी साडेनऊला ठेवली. आदल्या आठवड्यात मुलीला ताप आला म्हणून आम्ही फोन केला, तेव्हा कुरकुर न करता त्यांनी ती दहा दिवस पुढे ढकलली.

इथली चाचणी कॅमेऱ्यासमोर घेतली जाणाऱ्या प्रकारातली होती. या प्रकारातली सर्वांत परिचित चाचणी म्हणजे स्वीडनमध्ये विकसित झालेली क्यूबीटेस्ट. मुलाच्या कपाळावर एक पट्टी बांधतात, तिच्यावर प्रकाश परावर्तित करणारी लहानशी गोळी असते, आणि समोरचा अवरक्त कॅमेरा त्या गोळीची जागा सेकंदाला ५० वेळा टिपतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी काम पंधरा मिनिटांचे असते : पडद्यावर नुसते वर्तुळ आले तर हातातले बटण दाबायचे, वर्तुळात फुली असली तर दाबायचे नाही. त्याहून मोठ्या मुलांना आणि प्रौढांना वीस मिनिटांची अवघड चाचणी असते, जिच्यात आताचे चिन्ह आधीच्या चिन्हासारखेच आहे का हे लक्षात ठेवावे लागते. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी मोजल्या जातात, लक्ष आणि हालचाल, आणि अतिचंचलतेसाठी केवळ मोठ्यांच्या मतावर विसंबून राहावे लागत नाही.

चाचणी घेणाऱ्या ताईंनी मुलीला खुर्चीची उंची स्वतः ठरवू दिली. बटण कसे धरायचे ते दाखवले, एक छोटी सरावफेरी घेतली, आणि मग अगदी सपाट आवाजात एकच वाक्य सांगितले : जमेल तितक्या लवकर दाब, पण चुकू नयेस याचीही काळजी घे. मला बाहेर बसायला सांगितले. दारातल्या काचेतून मला मुलीची पाठ आणि खुर्चीखालचे तिचे पाय दिसत होते. ताई तिच्या मागे, नजरेआड, हातातल्या कागदावर टिपणे घेत बसल्या, आणि शेवटपर्यंत ना 'शाब्बास' म्हणाल्या ना 'लक्ष दे'. पहिली काही मिनिटे मुलीचे पाय जमिनीवर जुळलेले होते. मग उजवी टाच उचलली गेली आणि खुर्चीच्या दांडीवर टेकली. थोड्या वेळाने दुसरा पाय पहिल्याभोवती गुंडाळला गेला, आणि शेवटी दोन्ही पाय एका संथ, न थांबणाऱ्या झोक्यात हलू लागले. ती उठली नाही, मागे वळली नाही, बोलली नाही. ज्या मुलीला आम्ही वर्षानुवर्षे शांत म्हणत आलो तिचे शरीर पंधरा मिनिटे जागे राहण्यासाठी काय काय करत होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

अहवाल समजावून सांगायला मानसोपचारतज्ज्ञांनी पाऊण तास दिला. पहिल्यांदा त्यांनी आकडे दाखवलेच नाहीत, आलेख दाखवला. आडव्या रेषेवर पंधरा मिनिटे होती आणि मुलीने दाबलेले प्रत्येक बटण एका ठिपक्याने दाखवले होते. पहिल्या चार-पाच मिनिटांतले ठिपके एका पट्ट्यात नीट बसलेले होते. पुढे ते वर-खाली फाकत गेले, आणि नवव्या मिनिटाच्या आसपास तीन सुटलेले प्रतिसाद एकमेकांना लागून होते. तज्ज्ञांनी मुलीला विचारले, "इथे काय झालं होतं, आठवतं का?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "मी कुठे तरी गेले होते, परत आले तेव्हा गोल होऊन गेले होते." तिच्या वडिलांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. "लक्ष का देत नाहीस?" हा प्रश्न आम्ही तिला किती वेळा विचारला असेल याचा हिशेब नाही, आणि तिच्याकडे इतके साधे, खरे उत्तर होते हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

हालचालींचा नकाशाही तसाच बोलका होता. कपाळावरच्या गोळीने काढलेली वाट पहिल्या टप्प्यात सुताच्या छोट्या गाठीएवढी होती. शेवटच्या टप्प्यात ती बाळाने पाटीवर काढलेल्या रेघोट्यांसारखी पसरली होती. तरीही एकूण हालचालींचा गुण तिच्या वयाच्या मुलींच्या नेहमीच्या मर्यादेत होता, आणि तज्ज्ञांनी तो ओढूनताणून वाईट ठरवला नाही. चढउतार आणि सुटलेले प्रतिसाद मात्र स्पष्टपणे मर्यादेबाहेर होते. पहिल्या केंद्राच्या ७८ या आकड्याशी याची तुलना करावी का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी समजावले की चिन्हे, त्यांचे प्रमाण, बटण आणि तुलनेसाठी घेतलेली मुले हे सगळेच वेगळे असताना दोन चाचण्यांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. निदान त्यांनी त्या दिवशी सांगितलेच नाही. दोन्ही शिक्षिकांच्या प्रश्नावल्या, आमची प्रश्नावली, झोपेची नोंद, लहानपणापासूनचा इतिहास आणि मुलीशी एकटीने झालेले बोलणे, हे सगळे एकत्र ठेवून तिसऱ्या भेटीत त्यांनी अवधानाची कमतरता प्रधान असलेला एडीएचडी असल्याचे सांगितले. विकाराचे नाव पहिल्या केंद्राने छापलेलेच होते. पण तिथे ते यंत्राने काढलेला निकाल म्हणून आले, आणि त्यामुळे चार महिने आम्ही त्यावर विश्वासही ठेवू शकलो नाही आणि ते झटकूनही टाकू शकलो नाही.

चाचणी किती भरवशाची, हा प्रश्न मी तज्ज्ञांना सरळ विचारला होता. त्यांनी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला तो इंग्लंडमध्ये ६ ते १७ वर्षांच्या २५० मुलांवर झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना मला फार प्रामाणिक वाटली : सर्व मुलांची क्यूबीटेस्ट घेतली, पण निम्म्या मुलांचा अहवाल डॉक्टरांना दाखवला आणि उरलेल्यांचा झाकून ठेवला. अहवाल हाती असलेल्या गटात सहा महिन्यांत ७६ टक्के मुलांबाबत काही एक निर्णय झाला होता, दुसऱ्या गटात ५० टक्के. तपासणीच्या भेटींचा वेळही सुमारे १५ टक्क्यांनी कमी लागला. निदानाच्या अचूकतेत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. याचा अर्थ मी असा घेते की चांगल्या डॉक्टरांच्या हातात ही चाचणी ताटकळणे कमी करते, आणि मुलाला हा विकार नाही असे ठामपणे सांगायलाही मदत करते. डॉक्टरांनाच न दिसलेले काही ती शोधून काढते असे नाही. कोणत्या तपासण्या आणि उपचार वापरावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२४ साली ६ ते १७ वर्षांच्या मुलांच्या निदानाला मदत म्हणून, आणि केवळ तज्ज्ञांच्या तपासणीच्या जोडीने, तिचा वापर मान्य केला.

चाचणीची उणीव तिच्या स्वरूपातच आहे. शांत खोली, एकटे मूल, मागे बसलेली मोठी व्यक्ती आणि नवीन यंत्र, या परिस्थितीत काही मुले पंधरा मिनिटे तग धरतात आणि वर्गातल्या चाळीस मिनिटांत मात्र कोलमडतात. अशा मुलाचा अहवाल स्वच्छ आला म्हणून त्याच्या शिक्षकांचे म्हणणे खोटे ठरत नाही. उलट चिंतेने ग्रासलेले, पुरेशी झोप न मिळालेले, नीट न दिसणारे किंवा मनाने खचलेले मूलही भरपूर चुका करते, आणि त्या चुकांवर कारण लिहिलेले नसते. वर्गाचा आभास निर्माण करून चाचणी घेणारे प्रकारही निघाले आहेत, स्पेनमध्ये तयार झालेली आउला ही त्यांतली एक, जिच्यात मूल डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी वर्गात बसते आणि आजूबाजूचे व्यत्यय सांभाळत उत्तरे देते. कल्पना मला पटते, पण आमच्या मुलीने ती दिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मत देत नाही. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या 'लक्ष तपासा' छापाच्या खेळांबद्दल मात्र मत देते : मुलाच्या हाती ते देऊन आलेल्या गुणांवरून काहीही ठरवू नये, कारण पडद्याला बोट लागण्याची वेळ प्रत्येक फोनवर वेगळी असते आणि तुलनेसाठी मुले कोणती घेतली याचा पत्ता नसतो.

ज्यांना ही चाचणी करून घ्यायची आहे त्यांनी वेळ घेण्यापूर्वी फोनवरच काही गोष्टी विचाराव्यात. बटण स्वतंत्र आहे की कळफलकावरचे, चाचणी सकाळी होईल का, मुलाच्या वयोगटाची तुलना कोणत्या मुलांशी केली जाते, अहवाल कोण समजावून सांगणार आणि त्यासाठी किती वेळ देणार, आणि शिक्षकांची प्रश्नावली घेतली जाते का. शेवटच्या प्रश्नाला 'गरज नाही, मशीन सगळं सांगतं' असे उत्तर आले तर तिथे जाऊ नये. मुलाला आधी सांगताना 'परीक्षा' हा शब्द टाळावा. आम्ही पहिल्या वेळी तो वापरला आणि मुलगी रात्रभर तळमळली, दुसऱ्या वेळी 'तुझं लक्ष कसं काम करतं ते बघायचंय' असे सांगितले तर ती उत्सुकतेने गेली. चाचणीनंतर किती चुकलीस, हे विचारू नये. आणि घरी आल्यावर अहवाल कपाटात ठेवून देऊ नये : आमच्या मुलीच्या आलेखावर पाचव्या मिनिटानंतर ठिपके फाकतात हे पाहून शिक्षिकांनी तिचे लिखाणाचे काम छोट्या तुकड्यांत द्यायला सुरुवात केली, तिला पुढच्या बाकावर आणले, आणि मध्येच उठून फळा पुसणे हे तिचे काम ठरवून टाकले. तिची वही आता पूर्वीपेक्षा बरीच पूर्ण असते.

दुसऱ्या केंद्राच्या बाबतीत माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे अहवालाची भाषा. आलेख बोलके आहेत, पण त्यांच्या भोवतीचा मजकूर तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिल्यासारखा आहे, आणि समोर बसून समजावणारे कोणी नसेल तर सामान्य पालकाला त्यातून धास्तीशिवाय काही मिळणार नाही. पालकांसाठी एक पान साध्या भाषेत जोडावे असे मी त्यांना लिहून कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. संपूर्ण अहवालाची प्रत, सर्व आलेखांसह, त्यांनी त्याच दिवशी हाती दिली. पहिल्या केंद्राकडे मी मूळ नोंदी दोनदा लेखी मागितल्या; त्या अजून आलेल्या नाहीत.